उल्कावीराची बहीण

आमच्या कामठ्यात 'उल्कावीर' ही मालिका दोनच जिवांनी पाहिलेली नाही. एक पटलेबाईंची म्हैस, आणि दुसरी मी.

म्हशीचं एक बरं होतं. तिनं कधी चारचौघांत 'मी उल्कावीरची सगळ्यात मोठी चाहती' असं सांगितलं नाही. मी सांगितलं. वर्षभर सांगितलं. एवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं, पण मी ते पुराव्यानिशी सिद्ध करायला गेले!

मालिका का पाहिली नाही, ते आधी सांगून टाकते. मी तेव्हा सहा वर्षांची होते. गावात टीव्ही पटलेबाईंच्या ओसरीवर. रविवारी सकाळी अर्धं गाव तिथे मांडी घालून बसायचं. पहिल्याच भागात धूम्रकाय नावाच्या दैत्यानं उल्कावीरच्या गावाला आग लावली. टीव्ही काळापांढरा, त्यामुळे आगही पांढरीच, पण आग ती आग. पडद्यावर बाया ओरडत होत्या, "पानी लाओ! पानी लाओ!" आणि ओसरीवरचे पन्नास लोक आरामात बसून होते! एकही उठेना! आमच्या गावात कुणाच्या तणसाच्या ढिगाला आग लागली तर जो तो पाण्याची गुंडी घेऊन धावतो, आणि इथे म्हाताऱ्या कोताऱ्या भुईमुगाच्या शेंगा सोलत बघताहेत. मला राहवलं नाही. दाराशी पाहुण्यांसाठी भरून ठेवलेला लोटा होता. तो उचलला आणि नेम धरून टीव्हीवर रिकामा केला.

आग विझली. टीव्हीही विझला. मग टीव्हीतून खराखुरा धूर निघाला.

"अवो मायबाई! कोनाची पोरगी हाये हे?" पटलेबाई किंचाळल्या. "टीव्हीवर पानी टाकून राहिली!"

"आग लागली होती," मी म्हणाले. (आजही मला यात माझी चूक दिसत नाही.)

टीव्ही दुरुस्त होऊन यायला दोन रविवार गेले. तेवढ्यात उल्कावीर कैदेत पडला, सुटला, आणि गावानं त्यातलं काहीच पाहिलं नाही. त्यानंतर फर्मान निघालं, 'मंदी आली का टीव्ही बंद!' (मंदी म्हणजे मी.) मी ओसरीच्या पायरीवर दिसले तरी पोरं आतून ओरडायची, "मंदी आली! लोटा लपवा!" मालिका दीड वर्ष चालली. दीड वर्ष मी दर रविवारी आमच्या अंगणात बसून तीन घरं पलीकडून येणारं शीर्षकगीत ऐकलं. त्यापुढचं काही ऐकू येत नसे.

माझी ही दशा बघवली नाही ती काकाजींना. काकाजी म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. गोंदियाला एका राइस मिलमध्ये कामाला होते. रोज सायकलनं जायचे, सायकलनं यायचे, आणि लग्न केलेलं नसल्यामुळे घरातल्या सगळ्या लेकरांचे लाड त्यांच्याकडे. एका शनिवारी ते आले ते पिशवीतून एक पुस्तक काढतच. कव्हरवर परग्रहावरून आलेला राजपुत्र उल्कावीर, हातात गदा, मागे डोंगर.

"रडू नको, बेटा. लोक टीव्हीवर तुकडा तुकडा पाहून राहिले. आपल्यापाशी पुरी किताब हाये!"

मालिका गाजली की तिच्यावर पुस्तकं निघत, चित्रकथा निघत, खेळणी निघत, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मला वाटलं, हे एकच पुस्तक जगात आहे आणि ते माझ्या काकाजींकडे आहे. पुस्तक हिंदीत. मी नुकती बाराखडी गिरवत होते. मग रविवारी गाव पटलेबाईंच्या ओसरीवर गेलं की काकाजी अंगणात बाज टाकायचे, पुस्तक डोळ्यांसमोर धरायचे आणि 'मराठी करून' वाचायचे.

काय पुस्तक होतं ते! उल्कावीरला एक मोठी बहीण होती, तिचं नाव चंपा. उल्कावीरला ताकद देवानं दिली, पण अक्कल चंपानं. तो दैत्यांना मारून घरी आला की चंपा विचारायची, "हात धुतले का बे?" धूम्रकायानं एकदा भल्या मोठ्या तलावाचं तोंड फोडलं, तेव्हा उल्कावीर गदा घेऊन नुसता उभा होता. चंपानं गावातल्या बाया गोळा केल्या, तणस, माती, फाटकी लुगडी, जे मिळेल ते कोंबून बांधाची फुटलेली पाळ बुजवली आणि धान वाचवलं. तो तलाव कसा दिसतो हे मला लगेच कळलं, कारण आम्ही चोरखमाऱ्याच्या तलावावर जेवणाचा डबा घेऊन गेलो होतो आणि तो अगदी तस्साच होता. उल्कावीरचा आकाशात उडणारा रथ बिघडला की तो सायकलनं जायचा. लढाई जिंकली की मासोळीचा रस्सा आणि भात खायचा. एकदा तर त्याची चेन उतरली म्हणून धूम्रकाय पळून गेला.

(परग्रहावरचा राजपुत्र आणि सायकलची चेन? होय, हे मला तेव्हा खटकायला हवं होतं. खटकलं नाही.)

पुस्तकाला मात्र मला हात लावू देत नसत. "तू हात लावला का गोष्ट पुसून जाईन," म्हणायचे आणि पेटीत ठेवून कुलूप घालायचे. नंतर त्याच पेटीत चित्रकथेचे दोन अंक आले, आणि दंतमंजनाच्या डब्याबरोबर मिळालेला प्लास्टिकचा उल्कावीर. पुढे मी आठवीला गोंदियाला आत्याकडे गेले, लग्न झालं, गोंदियाजवळच कुडव्यात शिवणक्लास काढला. पुस्तक उघडायची वेळच आली नाही. मला तर ते पाठ होतं. पाठ असलेलं पुस्तक कोण उघडतं?

गेल्या वर्षी माझ्या क्लासमधल्या एका बाईनं मला व्हॉट्सअॅपच्या एका ग्रुपमध्ये घातलं, 'उल्कावीर प्रेमी, गोंदिया'. आमच्याच वयाचे पंचेचाळीस पन्नाशीचे लोक. दुकानदार, मास्तर, एक दाताचे डॉक्टर. पोरांची लग्नं जमवायच्या वयात ही मंडळी 'अकराव्या भागात गदा कोणत्या हातात होती' यावर दोन दोन दिवस भांडायची. मला स्वर्ग सापडल्यासारखं झालं! मालिका पाहिलेली नाही ही किरकोळ बाब मी सांगितली नाही. पुस्तक वाचलं होतं ना? म्हणजे ऐकलं होतं. एकच ते.

पण गंमत अशी की मी पुस्तकाचं नाव काढलं की ग्रुप मुका व्हायचा. "पुस्तकात तर चंपानं त्याला आधीच सावध केलं होतं," मी लिहायची. सगळे वाचायचे. उत्तर कुणी देत नसे. मग पाच मिनिटांनी कुणीतरी गदेवर परत यायचं. मी चित्रकथेचा विषय काढून पाहिला, प्लास्टिकच्या बाहुल्याचा काढून पाहिला. जणू लग्नघरात मी कुणाच्या पळून गेलेल्या पोरीची चौकशी केली!

"हे लोक पुस्तकावर का बोलत नाहीत हो?" मी नवऱ्याला विचारलं.

माझे यजमान वीज मंडळातून निवृत्त झालेले. कमी बोलतात, आणि बोलतात तेव्हा करंट लागतो. म्हणाले, "तू त्याहिले बोलू कुठं देऊन राहिली?"

शेवटी ठिणगी पडली. ग्रुपचे सर्वेसर्वा बिसेन सर, गणिताचे शिक्षक. त्यांनी लिहिलं, "मॅडम, उल्कावीर की कोई बहन वहन नहीं थी. एकुलता एक होता तो. मैं ने सब एपिसोड देखे हैं."

मी लिहिलं, "सर, तुम्ही फक्त पाहिलंय. मी वाचलंय."

सर म्हणाले, "कौनसी किताब? दाखवा."

"येत्या रविवारी माझ्या घरी या सगळे. पुस्तक दाखवते, आणि ज्यांच्यासमोर ते वाचलं गेलं नाही त्यांना वाचूनही दाखवते!"

असं मी लिहिलं. कुणी लिहायला लावलं नव्हतं.

शनिवारी आम्ही दोघं कामठ्याला गेलो. काकाजी आता ऐंशीच्या घरात, पण ताठ. ग्रुप, बिसेन सर, चंपा, सगळं मी त्यांना सांगितलं. वाटलं, खूश होतील. त्यांचा चेहरा पडला.

"ते किताब कायले पाहिजे, बेटा? दिमक लागली असन तिले."

"पाहू तर खरं!"

"पेटीची चाबी हरपली."

"जानव्याला लटकून राहिली ते कोनती हाये जी?" आमच्या यजमानांनी विचारलं.

काकाजींनी किल्लीकडे असं पाहिलं जणू ती आत्ताच उगवली. मग त्यांचं पोट दुखायला लागलं. मग त्यांना आठवलं की रविवारी त्यांना कुणाच्यातरी तेरवीला जायचंय. कुणाच्या, ते आठवेना. मी समजले, म्हातारा माणूस जुन्या आठवणींनी गहिवरलाय. माझेच डोळे भरून आले! मी पेटी उघडली. पुस्तक निघालं. नवं कोरं. त्याला ना डाग, ना दुमड.

"पाहा, किती जपलं तुम्ही!" मी म्हणाले आणि क्लासमधलं उरलेलं साटीन काढून त्यात ते गुंडाळलं. काकाजींना स्कूटरवर मध्ये बसवून कुडव्याला आणलं.

रविवारी अकरा जण आले. मी शिवणयंत्रं भिंतीला सारून सतरंजी घातली, तर्रीपोहे केले. आधी चित्रकथा फिरवली. तिच्यातल्या उल्कावीरला मिशा होत्या.

"ये तो धूम्रकाय आहे," कुणीतरी म्हणालं.

"धूम्रकायाला दाढी आहे, तो पुढच्या पानावर," मी म्हणाले.

मग प्लास्टिकचा उल्कावीर फिरवला. तो पोपटी हिरवा, गुडघ्यात वाकलेला, एक हात नसलेला. बिसेन सरांनी तो तळहातावर घेतला, चष्मा सरसावला. "मॅडम, ये मेंढक किस एपिसोड में था?"

सगळे हसले. माझं डोकं तापलं. "हसा!" मी म्हणाले. "आता पुस्तक ऐका!" साटीन सोडलं, पहिलं पान उघडलं आणि खड्या आवाजात सुरू केलं. उल्कावीर पर्वतावर उभा होता. वारा वाहत होता. तो विचार करत होता. दुसऱ्या पानावर वारा वाढला. चौथ्या पानावर उल्कावीरनं उसासा टाकला. आठव्या पानावर तो अजून उभाच! मी नववं पान उलटायला गेले, तर ते उलटेना. पुढची पानं वरच्या कडेला कापलेलीच नव्हती. छापखान्यातून आली तशी, जोडलेली.

म्हणजे नवव्या पानापुढे हे पुस्तक आजवर कुणी वाचलंच नव्हतं.

तरीही मला कळलं नाही! मी कात्री आणली (शिवणक्लासमध्ये कात्रीला तोटा नाही) आणि सगळ्यांसमोर कराकरा पानं कापत सुटले. चंपा कुठाय? तिसाव्या पानावर नाही. साठाव्यावर नाही. तलाव नाही, सायकल नाही, मासोळी तर नाहीच. शेवटच्या पानावर उल्कावीर परत त्याच पर्वतावर उभा!

"छपाईची चूक असेल," मी म्हणाले.

तेवढ्यात दाताचे डॉक्टर फार सौम्यपणे म्हणाले, "ताई, राग नका मानू. तुम्ही सिरियल पाहिली आहे ना?"

मी तोंड उघडलं. काय बोलणार होते, देव जाणे. पण दाराशी स्टुलावर बसलेले काकाजी उठले.

"तिले कायले विचारता? मले विचारा. पोरीनं नाई पाहिली सिरियल. टीव्हीवर पानी टाकलं तिनं, म्हनून कोनी बसू देत नोहोते." आणि लोट्यापासून पुढचा सगळा इतिहास त्यांनी अकरा जणांना सांगून टाकला. वर्षभराची माझी इभ्रत तीन मिनिटांत सतरंजीवर आली. "अन् चंपा किताबात नाई. चंपा मी बनवली."

"काऊन, काकाजी?" माझा आवाज रडवेला झाला होता.

"किताब लय बेकार होती, बेटा! आठ पानं वाचली मी. तो मानूस उभाच! तू समोर बसून राहिली होती, डोरे फाडून. तुले का सांगू? उभा हाये, उभा हाये? म्हनून मंग चालवला त्याले जरासा."

कुणी हसलं नाही. मी खाली बघत होते. चाळीस वर्षं मनात जपलेल्या ज्या पुस्तकासाठी भांडले ते जगात कुठे नव्हतंच. ते होतं फक्त राइस मिलमधून थकून आलेल्या एका माणसाच्या तोंडात, आणि मी त्याचे पुरावे मागत होते. लाज वाटली, आणि खरं सांगते, बरंही वाटलं. दोन्ही एकदम वाटलं.

मग बिसेन सर खाकरले. हातातला हिरवा बाहुला अजून त्यांनी खाली ठेवला नव्हता. "ऐसा था माझ्याजवळ बी," ते म्हणाले. "माझ्या बापानं आणला होता. त्याले दोन हात होते. मी शाळेत नेला तर पोरं हसली, बोले ये नकली है. फिर कभी किसी को नहीं दिखाया. उशीखाली ठेवत होतो." बाहुला उलटा करून पाहत म्हणाले, "नववीपर्यंत."

एकदा सरांनी सांगितल्यावर मग काय! दाताच्या डॉक्टरांची चित्रकथा त्यांच्या बहिणीनं वहीला कव्हर म्हणून चढवली होती, त्यावरून ते अजून बहिणीवर रागावलेले. मला ग्रुपमध्ये घालणारी बाई म्हणाली, "आमच्या आईले तो देव वाटला. तिनं देव्हाऱ्यात ठेवला. आजही हाये. मी काही बोलत नाही, हळदकुंकू वाहते!"

तेव्हा मला माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. मालिका साऱ्या गावानं एकत्र बसून पाहिली होती, म्हणून तिच्यावर साऱ्यांना एकत्र भांडता येत होतं. पुस्तक, चित्रकथा, बाहुला ज्याच्या त्याच्या घरातला. कुणाच्या बापानं आणलेला, कुणाच्या आईनं पुजलेला. आणि वरून त्यात उल्कावीर धड उल्कावीरसारखा दिसतही नाही! त्यावर कुणाशी काय बोलणार? बोलायचं म्हटलं तर बाहुल्याबद्दल नाही, बापाबद्दल बोलावं लागतं.

"ते सब ठीक आहे," बिसेन सर एकाएकी म्हणाले, "पर काकाजी, मॅडम ने लिहिला होता तो तलाव फुटला, फिर? चंपा ने काय केलं?"

काकाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी पुस्तक उचलून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते डोळ्यांसमोर धरलं, बहुतेक उलटं, आणि सुरू झाले. पोहे निवले. तर्रीवर तेलाची साय आली. गणिताचे शिक्षक तोंडाचा आ करून ऐकत होते, आणि पाळ बुजवायला बाया कमी पडल्या तेव्हा ते खरंच अर्धे उठले.

आता दर रविवारी सकाळी मंडळी आमच्याकडे जमतात. काकाजी कुडव्यालाच राहायला आलेत. ग्रुपवर गदेचं नाव कुणी काढत नाही, आठवडाभर नुसती चंपा, चंपा. आमचे यजमानही हळूच येऊन भिंतीला टेकून बसतात.

गेल्या महिन्यात काकाजींनी गोष्टीत एक नवी राणी आणली. तिनं राज्यातलं काहीएक पाहिलेलं नसतं, पण दरबारात प्रत्येक गोष्टीवर सगळ्यात आधी तीच बोलते. मंडळी पोट धरधरून हसत होती. मीही हसले, अगदी मनापासून. राणी कोण ते मला दुसऱ्या रविवारी कळलं!

परवा जेवताना मी त्यांना सरळच विचारलं, "काकाजी, त्या राणीला धूम्रकाय मारून का टाकत नाही?"

काकाजींनी भात कालवता कालवता मान हलवली. "आला होता तो, बेटा, तलवार घेऊन. पर थांबला हाये बिचारा. तिचं बोलनं संपू दे म्हनते. अन् ते बोलूनच राहिली!"